दाते सूची रद्दीत घालायची?

नायगावकर: काल इथे एकाने लिहिलं, "संदर्भसूच्यांचे ठोकळे रद्दीत घाला, नेटवर दोन मिनिटांत सगळं मिळतं." डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. मी १८९६च्या मुंबईतल्या प्लेगवरच्या पुस्तिका शोधत होतो. नेटवर 'प्लेग' टाकलं की फिरून तेच दहा लेख. शेवटी शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची', म्हणजे छापील मराठी पुस्तकांची विषयवार यादी, उघडली, वैद्यकाच्या नोंदींवरून बोट फिरवत गेलो आणि 'ग्रंथिक सन्निपात' या शब्दावर थबकलो. तेव्हा प्लेगला हेही नाव होतं. जो शब्दच ठाऊक नाही, तो शोधात टाकणार कसा?

बोरिवली_फास्ट: मूळ पोस्ट माझी. दात्यांचा पहिला भाग १८०० ते १९३७मधल्या पुस्तकांचा, दुसरा १९५०पर्यंतच्या. माझा विषय १९८२चा गिरणी संप. त्यात मला काय मिळणार? आणि तो ठोकळा बघायला एक रजा जाते.

शारदा_ग: रजा टाकून तरी काय हाती लागतं? एका ग्रंथालयात चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला, पाऊण तासाने उत्तर आलं, "बांधणीला गेलंय." तीन वर्षं तेच उत्तर. दुसरं पुस्तक मिळालं तर मोबाइलने फोटो काढू देईनात!

जुना_ग्रंथपाल: शंभर वर्षांपूर्वीची पुस्तिका उघडली की पानाची कड भुग्यासारखी टेबलावर पडते. फोटोसाठी लोक पान तळव्याने दाबतात, शिवण उसवते. चौघांचं काम आम्ही दोघं करत होतो, तेही बघा.

शारदा_ग: मग झेरॉक्स कशी चालते? तिथे तर अख्खं पुस्तक काचेवर उपडं दाबतात!

जुना_ग्रंथपाल: झेरॉक्सचं तुमचं बरोबर आहे. फोटोने त्याहून कमी नुकसान होतं, मान्य. पण आवाज चढवू नका.

बोरिवली_फास्ट: म्हणजे माझाच मुद्दा. सगळं स्कॅन करून नेटवर टाका.

नायगावकर: टाका की, मी कुठे नको म्हणतो? पण शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'नांव', 'पुढें' असं छापलंय. तुम्ही अनुस्वाराविना शोधाल, तर पुस्तक समोर असून सापडणार नाही.

परीक्षक_बाई: एआयवर विसंबणाऱ्यांसाठी सांगते. गेल्या वर्षी एका प्रबंधाच्या संदर्भसूचीतली नऊ पुस्तकं मी तपासली. चार कधी निघालेलीच नाहीत. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक खोटं. मुलगी समोर बसून रडली. मला अजून वाईट वाटतं.

बोरिवली_फास्ट: बरं, 'रद्दी' शब्द मागे घेतो. पण माझ्या १९८२च्या संपाचं कुठे शोधायचं, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

नायगावकर: पुरं उत्तर माझ्याकडेही नाही. तुमच्या संपासाठी आधी शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध उघडा, मागच्या संदर्भसूच्या एकमेकींशी ताडा. जे नाव तिघांकडे आहे, तिथून सुरुवात. शनिवारी दादरला येत असाल तर बरोबर बसू.

बोरिवली_फास्ट: येतो. अकरा वाजता.

जुना_ग्रंथपाल: पेन्सिल आणा. जुन्या पुस्तकांजवळ पेन नको.