मदत हवी आहे: कॉलेजचा रनिंग बॅक एनएफएलमध्ये टिकेल का, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही २०१० पासून क्लीव्हलंडजवळ राहतो. अमेरिकन फुटबॉल (एनएफएल ही त्याची व्यावसायिक लीग) मी इथे आल्यावरच शिकले आणि आता आमची रविवारची दुपार त्याच्याशिवाय जात नाही. माझा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याची डॅलस, न्यू जर्सीकडची मावस-चुलत भावंडं मिळून एक डायनेस्टी लीग खेळतात, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बांधायचा खेळ. यात खेळाडू एका मोसमापुरता घेत नाहीत, वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवतात. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडणारा मुलगा पुढे कसा निघेल याचा अंदाज बांधावा लागतो. यंदा पहिली निवड आमच्याकडे आहे, लेकाला रनिंग बॅकच (चेंडू हातात घेऊन धावणारा) हवाय आणि त्याने मला मदतीला घेतलंय. महिनाभर आम्ही रोज जेवणानंतर तासभर यावर बसतोय, पण एका जागी गाडी अडली आहे.

ती जागा म्हणजे अलाबामा विद्यापीठाचा रनिंग बॅक ट्रेंट रिचर्डसन.

२०१२ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) आमच्या क्लीव्हलंडच्या ब्राउन्सने चौथ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जायला मिनेसोटाला जादा निवडी दिल्या आणि त्याला घेतलं. अलाबामातल्या शेवटच्या वर्षी त्याचे २८३ कॅरीत (चेंडू घेऊन धावण्याचे प्रयत्न) १६७९ यार्ड, धावून २१ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं), कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तिसरा. मला तेव्हा खेळ जेमतेम कळायला लागला होता, पण त्याला बघून वाटायचं की याला एकटादुकटा पाडूच शकणार नाही. पहिल्या वर्षी ९५० यार्ड आणि ११ टचडाउन झाले, पण दर कॅरीला फक्त ३.६ यार्ड. दुखापती घेऊन खेळत होता, म्हणून आम्ही धीर धरला. सप्टेंबर २०१३ मध्ये कोल्ट्स संघाने पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला नेलं. तिथे १५७ कॅरीत ४५८ यार्ड, म्हणजे सरासरी २.९. लाइन, म्हणजे त्याच्यापुढे बचाव अडवणारे खेळाडू, कच्ची होती म्हणावं, तर त्याच मोसमात त्याच लाइनमागे डोनाल्ड ब्राउनची सरासरी ५.३ होती.

म्हणजे अलाबामात आम्ही जे बघितलं त्यातलं त्याचं किती होतं आणि पुढे वाट काढून देणाऱ्या पाच जणांचं किती? त्या लाइनमधले चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लूकर २०१३ मध्ये लागोपाठ दहावे आणि अकरावे निवडले गेले. हे दोन हिशेब वेगळे कसे करायचे, हा माझा प्रश्न आहे.

लेकाचा भर स्पीड स्कोअरवर आहे. पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले चाळीस यार्ड धावायच्या वेळेचा चौथा घात. शंभरच्या आसपास म्हणजे साधारण. नुसता वेग न बघता एवढं वजन घेऊन एवढा वेग आहे का, हे त्यातून कळतं. सेक्वॉन बार्कली २३३ पौंड आणि ४.४० सेकंद, म्हणून १२४. विस्कॉन्सिनच्या दोघांची जोडी तर त्याने मला मुद्दाम दाखवली. माँटी बॉलने कॉलेजात त्या वेळचा विक्रम म्हणावा असे ८३ टचडाउन केले, पण २१४ पौंडांना ४.६६, स्कोअर ९१. एनएफएलमध्ये त्याचे सगळे मिळून हजार यार्डही झाले नाहीत. जॉनथन टेलर त्याच कॉलेजचा, २२६ पौंडांना ४.३९, स्कोअर १२२, आणि २०२१ मध्ये १८११ यार्डांसह लीगमध्ये पहिला.

इथवर मला पटलं. पण मग कायरन विल्यम्स? १९४ पौंड, ४.६५, स्कोअर ८३. पाचव्या फेरीत गेला आणि २०२३ मध्ये रॅम्ससाठी १२ सामन्यांत ११४४ यार्ड धावला. अल्फ्रेड मॉरिस सहाव्या फेरीतला, रिचर्डसनच्याच ड्राफ्टमधला, आणि पहिल्याच वर्षी १६१३ यार्ड. एरियन फॉस्टरला तर कुणी निवडलंच नव्हतं, तो २०१० मध्ये लीगमध्ये पहिला आला.

सामना बघताना नेमकं कुठे बघायचं, हे कुणी सांगेल का? आकडे आम्ही जमवू, डोळ्यांना वळण लावायला मदत हवी आहे.

---

प्रतिसाद १

ताई, प्रश्न अगदी बरोबर जागी नेऊन ठेवलात, आणि उत्तराची निम्मी वाट तुम्हीच दाखवली आहे. डोनाल्ड ब्राउनशी केलेली तुलना ड्राफ्टच्या आधी करायची, कॉलेजातच. त्याच लाइनमागे, त्याच मोसमात दुसरा मुलगा किती धावला ते बघा. २०११ मध्ये अलाबामात रिचर्डसनची सरासरी ५.९ होती. त्याच्यामागे राखीव होता एडी लेसी. त्याची ९५ कॅरीत ६७४ यार्ड, म्हणजे ७.१. हाच लेसी २०१३ मध्ये दुसऱ्या फेरीत पॅकर्सकडे गेला आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला.

यात एक खोट आहे. राखीव खेळाडूला पुष्कळदा सामना हातात आल्यावर, दमलेल्या बचावासमोर चेंडू मिळतो. म्हणून त्याची सरासरी थोडी फुगते, ते वजा धरायचं. तरीही मुख्य खेळाडू राखीवापेक्षा मागे असेल तर मी दोनदा विचार करतो.

'अलाबामाचा आहे, लाइनमुळेच धावला' असंही मनात धरू नका. डेरिक हेन्री तिथलाच, २०२० मध्ये २०२७ यार्ड. जॉश जेकब्ज तिथे कधी एकहाती मुख्य बॅक नव्हता, तीन वर्षांत जेमतेम २५१ कॅरी. तो २०२२ मध्ये १६५३ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. कमी कॅरी म्हणजे कमी कुवत, असं नसतं.

---

प्रतिसाद २

डोळ्यांबद्दल विचारलंत म्हणून माझी पद्धत सांगते. मी प्रत्येक कॅरी तीनदा बघते.

पहिल्यांदा चेंडू हातात पडतो त्या क्षणी थांबवायचं. लाइनसमोर बचावाचे किती जण दाटलेत ते मोजायचं, आणि वाट आधीच मोकळी आहे का ते. मोकळी असेल तर ते यार्ड लाइनच्या खात्यात. दुसऱ्यांदा, पहिला हात त्याच्या अंगाला कुठे लागला ते बघायचं. तिथून पुढचं सगळं त्याचं. कबड्डीत पकड बसल्यावर रेषेला हात लावणारा चढाईपटू आपण वेगळा ओळखतो, तसंच हे. तिसऱ्यांदा फक्त पाय बघायचे. ठरवलेली वाट बुजली तर तो काय करतो? एका पावलात दिशा बदलून दुसरी फट धरतो, की जागच्या जागी चार पावलं नाचतो? रिचर्डसनबद्दल कोल्ट्सच्या काळात हीच तक्रार असायची, की फट दिसायला त्याला उशीर होतो आणि तोवर ती मिटते. मांड्यांची ताकद तिथे कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमार्कांमध्ये (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा, चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये ठेवूनच खेळ सुरू होतो) ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू कडेच्या हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला मोठं मैदान पडलेलं असतं, आणि वेगवान मुलगा नुसता बाहेरून पळून पंधरा यार्ड काढतो. एनएफएलमध्ये ती रुंद बाजूच उरत नाही, शिवाय लाइनबॅकरही (बचावाच्या दुसऱ्या फळीतले) जवळपास तेवढेच वेगवान. म्हणून बाहेरून मारलेल्या लांब धावा मी बाजूला ठेवते आणि मधून काढलेले चार-पाच यार्ड बघते. बातम्यांत दाखवतात त्या क्लिप बघून निवड करू नका, त्यात नेमक्या त्या लांब धावाच असतात.

---

प्रतिसाद ३

कायरन विल्यम्सचं कोडं स्पीड स्कोअरने सुटणार नाही. तो नोत्र दामला असतानाच ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, जादा जण धावून येणं) अडवायला सगळ्यात विश्वासाचा मानला जायचा. नवख्या बॅकने एकदा धावत्या लाइनबॅकरला सोडलं आणि क्वार्टरबॅक आडवा झाला, की प्रशिक्षक त्याला थर्ड डाउनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) बाहेर बसवतात. बाहेर बसलेल्याला यार्ड कुठून मिळणार? तेव्हा चेंडू त्याच्याकडे नसतानाचे प्रसंगही बघा, निदान वीस-पंचवीस.

आणि कोणत्या फेरीत गेला, हेही विसरू नका. वरच्या निवडीवर पैसा लावलेला असतो, त्याला चुका करूनही संधी मिळत राहते. सहाव्या फेरीतल्याला सराव शिबिरातच काहीतरी करून दाखवावं लागतं.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. लेसीचे आकडे वाचून लेक खुर्चीतून उठलाच.

काल रात्री आम्ही अलाबामा-एलएसयू (लुइझियाना राज्य विद्यापीठ), ५ नोव्हेंबर २०११ चा सामना काढला, ९-६ वाला. एलएसयूचा तो बचाव एनएफएलच्या तोडीचा म्हणायला हरकत नाही. रिचर्डसन २३ कॅरीत ८९ यार्ड, म्हणजे चारपेक्षा कमी. पहिल्या मोसमात ब्राउन्सकडे जे झालं, त्याच्या अगदी जवळ. एका सामन्यावरून निकाल देऊ नये हे मला कळतं, आणि त्याच सामन्यात त्याने झेल घेऊन ८० यार्ड काढले होते, हेही न्यायाने सांगायला हवं. पण पूर्ण मोसमाच्या ५.९ मध्ये हा सामना बुडून गेला होता.

तक्त्यात आता दोन नवे रकाने केलेत: राखीव खेळाडूची सरासरी, आणि फक्त सर्वांत कडक तीन बचावांसमोरची कामगिरी. दुसरा रकाना भरल्यावर लेकाचा पहिला क्रमांक तिसरा झालाय आणि तो अजून मानायला तयार नाही. शनिवारी त्या खेळाडूचे आणि आता पहिल्या आलेल्याचे सामने तीनदा थांबवून बघायचं ठरलंय.

एक विचारायचं राहिलं. कडेच्या कॅमेऱ्यातून फट दिसतच नाही, एंड झोनमागच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यामागच्या) कॅमेऱ्याचं चित्रण लागतं. पूर्ण सामना त्या कोनातून कॉलेजचा कुठे बघायला मिळतो का? की रिप्लेमध्ये येईल तेवढ्यावरच भागवता?