डोंगराच्या ‘कटक’ला तुमच्याकडं काय म्हणतेत?

परतवाड्याचा मास्तर
राजेहो, नववीला भूगोल शिकवतो. परवा समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नकाशात ‘कटक’ आलं. पोरांना विचारलं, कटक म्हणजे काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘सैन्य, सर.’ चूक तरी कसं म्हणू? जुन्या मराठीत ते सैन्यच हाये. घाईत मी सांगून बसलो, शिखर. घरी येईस्तोवर डोक्यात भुंगा. शिखर म्हणजे एक टोक. मेळघाटातलं वैराट, ११५० मीटरच्या वर, ते शिखर. पण गाविलगडाच्या डोंगरांची जी लांबच लांब वरची रेघ सकाळी आभाळाला टेकलेली दिसते, तिला काय म्हणावं? आमची माय तर सगळ्यालेच पहाड म्हणते.

मावळातला भटक्या
धार म्हणा सर. दांड पण म्हणतात. तीच उतरत गावाकडं आली की सोंड. कडा वेगळा, तो तुटलेला असतो. धुक्यात वाट हरवली की आमचे म्हातारे म्हणतात, धार सोडू नका.

मास्तर
धार! आमच्याकडं धार एक विळ्याची, दुसरी गाईची. पोरं हसतील.

अकोटकर
हसू द्या. मास्तर, पोळ्याले बैल धुता ना? पाठीवर गडवाभर पाणी टाका. कण्यावर पडलं की अर्धं इकडून ओघळते, अर्धं तिकडून. तो कणा म्हंजे तुमची धार. नकाशावर रेषा उताराकडं फुगल्या तर धार, चढाकडं आत शिरल्या तर नाला. शिखर शोधतच बसू नका.

मास्तर
भाऊ, वर्गात बैल कुठून आणू? जुन्या वहीचं पुठ्ठं टेबलावर तंबूसारखं उभं केलं न् वरून पाणी सोडलं. उत्तरेकडचा ओघळ सिपना, पुढं तापी. दक्षिणेकडचा चंद्रभागा, पुढं पूर्णा. फळ्यावर मोठ्ठं लिहिलं ‘धार’, खाली बारीक अक्षरात ‘कटक’, परीक्षेपुरतं. कोणी हसलं नाही. हजेरीपट तेवढा भिजला.

तर तोच मागच्या बाकावरचा उठला. ‘सर, पूर्णा तर चांगदेवापाशी तापीलेच भेटते. मंग धारीवर वेगळं कायले व्हा लागते?’

उद्या सांगतो म्हटलं त्याले.