कोन फिल्टरने पिकअप वाढतो का?

भाऊ, तुम्ही म्हणताय कोन फिल्टर, म्हणजे उघडा शंकूसारखा एअर फिल्टर, टाकल्यापासून पिकअप वाढला, पण मला वाटतं वाढलाय तो आवाज. कंपनीच्या एअरबॉक्समधे, म्हणजे फिल्टरच्या बंद डब्यात, आवाज दाबायची सोय असते, ती काढली की इंजिन हवा ओढताना ऐकू येतं आणि गाडी पळतेय असं वाटायला लागतं. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवाच आत घेतो, आणि हवा साधारण ३ डिग्री तापली की तिची घनता १ टक्क्याने कमी होते, म्हणजे मे महिन्यात पणजीच्या ट्रॅफिकमधे अडकलात तर पॉवर वाढायचं सोडा, असलेली पण जाते. आणि पेट्रोल गाडीत रोजच्या चालवण्यात खरा अडथळा अर्धवट उघड्या थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) असतो, फिल्टरचा नाही. इंजिन फुल रेव्हला, म्हणजे पूर्ण वेगाने फिरत असताना, ट्यूनिंग पण केलं असेल तर थोडा फरक पडतो, ते मान्य.

मला जास्त काळजी वाटते ती धुळीची. खाणीच्या ट्रकांमागे गाडी चालवून एकदा पेपर फिल्टर काढून बघा, घड्याघड्यांत लाल भुकटी बसलेली दिसेल. कोन फिल्टर बरेचदा कॉटनचे असतात, आणि कॉटनच्या फिल्टरची जाळी मोकळी, त्यातून बारीक धूळ पिस्टनपर्यंत जाऊ शकते, आणि धुऊन तेल जास्त लावलं तर ते आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं मग आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन चालणं) बिघडतं. पावसाळ्यात तर इनटेक (हवा ओढायचं तोंड) खाली बंपरमधे नकोच, पाणी ओढलं की पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही.

बदलायचंच असेल तर एअरबॉक्स तसाच ठेवून चांगला पेपर फिल्टर टाका आणि तो वेळेवर बदला.