डार्करूम प्रिंटिंग : प्रिंटवर करडी झाक येते, दोष कसा शोधायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरला असते. आजोबांनी आषाढी वारीत काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह घरात जपून ठेवल्या आहेत, सगळ्या १२० च्या (रुंद रोल फिल्मच्या). स्कॅन केल्या आहेत, पण त्या वारकऱ्यांचे चेहरे मला स्वतःच्या हातांनी कागदावर उतरवायचे आहेत. शिकवणारं इथे कुणी भेटलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

बाथरूमची खिडकी काळ्या कापडाने बंद करून डार्करूम केली आहे. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना एन्लार्जर (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारं यंत्र) मिळाला, सोबत व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट आरसी पेपरचं (प्लास्टिकचा थर असलेला कागद, फिल्टर बदलून त्यावरचा काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करता येतो) जुनं पाकीट. सेफलाइट (कागद खराब न करता कामापुरता उजेड देणारा दिवा) म्हणून लाल झिरोचा बल्ब. डेव्हलपर (कागदावर प्रतिमा उमटवणारं द्रावण) २० अंशांना वापरा म्हणतात, पण मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणीच तिशीच्या वर असतं.

अडचण अशी, की काळा रंग गडद होत नाही आणि धोतर-टोप्यांचा पांढरा उजळत नाही. सगळं मळकट. प्रिंट इतकी भराभर काळवंडते, की अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर काढावी लागते. ३ नंबरच्या फिल्टरऐवजी जास्त कॉन्ट्रास्टचा ५ लावूनही फारसा फरक नाही.

कागद, बल्ब की उष्णता? एकेक वेगळं करून तपासायची रीत कुणी सांगेल का? कागद थोडाच उरलाय.

प्रतिसाद :

ताई, आधी ईझलच्या (कागद सपाट धरणारी चौकट) पात्यांखाली झाकलेली कडा बघा. ती करडी असेल तर बहुधा कागदच शिळा. खात्रीसाठी बल्बही बंद करून, पूर्ण अंधारात, कोऱ्या कागदाचा एक तुकडा थेट फिक्सरमध्ये (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) टाका आणि दुसरा डेव्हलप करून मग फिक्सरमध्ये. उजेडात शेजारी ठेवा; डेव्हलप केलेला तुकडा जास्त करडा दिसला तर कागद शिळा. डेव्हलपरमध्ये थोडं बेंझोट्रायाझोल (ही करडी झाक रोखणारं रसायन) घातलं तर असा कागद काहीसा सावरतो.

कडा पांढरी असली तरी बल्बवरचा संशय सुटत नाही. हा पेपर निळ्यासोबत हिरवा उजेडही टिपतो, आणि रंग दिलेल्या बल्बमधून तो झिरपू शकतो. आधीच थोडा उजेड लागलेल्या भागावर त्याचा परिणाम लवकर दिसतो, म्हणजे नेमका तुमच्या टोप्यांवर. त्यामुळे कोरा तुकडा सेफलाइटखाली ठेवून बघणं पुरेसं नाही. एन्लार्जरखाली आधी फिकट करडा येईल एवढंच एक्स्पोजर द्या, वर नाणं ठेवा, सेफलाइटखाली पाच-सात मिनिटं राहू द्या, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला.

उष्णतेसाठी डेव्हलपरचा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. मात्र प्रिंट लवकर काढू नका, अर्धवट डेव्हलप झालेल्या कागदावर खरा काळा येतच नाही. लेन्स एक स्टॉप बंद करा (म्हणजे उजेड निम्मा होईल) आणि आरसी पेपर पूर्ण मिनिटभर डेव्हलपरमध्ये हलवत ठेवा. नाण्याची चाचणी आजच करा, तिला दोन बोटांएवढा तुकडा पुरतो.