प्रतिसाद: धुरातच बसायचं का?

वर विचारलंय की एस्टोनियातल्या धुराच्या सौनाला (वाफेच्या स्नानाच्या खोलीला) धुराडंच नाही, मग आतल्या माणसांचा जीव गुदमरत नाही का. नाही, कारण माणसं आत जातात ती आग पूर्ण विझल्यावर.

आग्नेयेकडच्या वोरोमा भागातली ही परंपरा २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. लाकडी खोलीत दगड रचलेली भट्टी असते. तिच्यात चांगले पाच-सहा तास लाकूड जाळतात, बहुतेक आल्डरचं. पाइनसारखं राळेचं लाकूड टाळलेलं बरं, काजळी फार धरते. धूर खोलीभर फिरून दारातून नि भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर पडतो. दगड ग्रॅनाइटसारखे हवेत. चुनखडी तापून भुगा होते.

खरी गोची पुढे आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे काम झालं असं नव्हे. निखारे धुमसत असतील तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून निखारे पूर्ण विझवून किंवा बाहेर काढून, दगडांवर थोडं पाणी मारून राख-काजळी उडवतात, बाकं धुतात आणि खोली तासभर निवू देतात. घाई इथेच नडते.

मग दगडांवर पळीपळीने पाणी. वाफेला ‘लेइल’ म्हणतात. अंगावर हलकेच मारायच्या बर्च झाडाच्या पानांसकट डहाळ्यांच्या जुड्या २४ जूनच्या यानिपाएव या उन्हाळी सणाच्या सुमारास, पानं कोवळी पण घट्ट असताना बांधून सावलीत वाळवतात. उशीर केला की पानं झडतात. वाळलेली जुडी आधी कोमट, मग गरम पाण्यात भिजवायची.

बाळंतपणंही पूर्वी इथेच होत. आणि हो, बाकं धुतली तरी भिंतींना हात लावताना जरा जपून. त्यांच्यावरची काजळी मात्र निघत नाही.