आबांना घेऊन एलिफंट बीचची जंगलवाट: जमेल का?

शिवाजीपेठकर:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आबांना घेऊन अंदमानला निघालोय. आबा ६७ वर्षांचे. रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जातात, जोतिबाला अजून पायऱ्यांनी चढतात, पण उतरताना उजवा गुडघा धरतो. सेल्युलर जेल बघायचंच, हा त्यांचा हट्ट. माझा हट्ट स्वराज द्वीपवरच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकवरच्या, एलिफंट बीचच्या जंगलवाटेचा. बोटीनं जाता येतं, माहीत आहे. पण नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून बारा वर्षांत आबांबरोबर आख्खा दिवस असा चाललेलोच नाही. म्हणून चालतच जायचंय. वयस्कर माणसाला घेऊन कुणी गेलंय का?

वखारीतला:
गेलोय. २०२३ च्या जानेवारीत, आमच्या अण्णांना घेऊन. तेव्हा ते ७० चे होते.

वाट दोनेक किलोमीटरची, राधानगर बीचच्या रस्त्यावरून आत शिरते. जोतिबासारखा चढ नाही, त्यामुळं गुडघ्याचं फार मनावर घेऊ नका. वेळेचं मात्र घ्या. तरणी पोरं पाऊण तासात पोचतात, आम्हाला जाताना दीड तास लागला. शेवटचा टप्पा कांदळवनाचा. ओहोटीला चिखलातून जाता येतं, भरतीला तिथंच पाणी भरतं. शिवाय ते बेट कोल्हापूरपासून जवळजवळ १९ रेखांश पूर्वेला आहे आणि घड्याळ आपलंच. म्हणजे सूर्य तिथं सव्वा तास आधी मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला, आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. सकाळीच निघा. आम्ही गेलो तेव्हा दुपारनंतर आत सोडत नव्हते.

अण्णा चामडी चप्पल घालून निघाले. नको म्हणालो होतो, पण जोरात म्हणालो नाही. चिखलात पाय रुतला, चपलेचा अंगठा तुटला, आणि पुढं ते अनवाणी चालले. कांदळाची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. तळव्याला दोन ठिकाणी कापलं. ते मला अजून लागून राहिलंय. मागं बंद असलेले सँडलच घ्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अण्णांनी ३१ वर्षं लाकडाच्या वखारीत काढली. बरोबरच्या वाटाड्यानं एक झाड दाखवलं, बुंध्याला भिंतीसारखी उभी मुळं. म्हणाला, पडौक. अण्णा थांबले. हे लाकूड त्यांनी फळीच्या रूपात हाताळलेलं, लालभडक, आपल्या बिबळ्याच्या कुळातलं. आधी घनफूट किती निघेल याचा हिशेब तोंडानं सुरू झाला. मग मुळावर तळवा ठेवला आणि गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उभं असताना कधी बघितलंच नव्हतं रे." तिथं वीस मिनिटं गेली. मी घाई केली नाही, हे एक बरं केलं. तुमचे आबा कशापाशी थांबतील ते तुम्हाला ठाऊक. तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.

किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत पडलेले मोठमोठे बुंधे पांढरे होऊन पडलेत. अण्णा त्यातल्याच एकावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी जेवले. देवघरात ठेवायला म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलला होता, तो परत ठेवायला लावला. मेलेला प्रवाळसुद्धा आणता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो.

आणखी एक, घाम. फेब्रुवारीतही हवा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट. मीठ-साखरेचं पाणी दोन बाटल्या, तहान लागायची वाट न बघता.

देवगडची माहेरवाशीण:
दादा, भरतीचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. आमचे आजोबा असंच सांगायचे. कालनिर्णय बघून दिवस ठरवा.

वखारीतला:
ताई, ते गणित आपल्या कोकणच्या किनाऱ्याचं, तिकडं चालत नाही. पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून श्रीविजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक नेटवर मिळतं, तेच बघा. पण तिथीचा उपयोग आहेच: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. पाणी सकाळी दहा-अकराला तळाला जाईल असा दिवस धरला की जाणं-येणं दोन्ही सुकर. आणि कांदळवनातल्या खाडीच्या पाण्यात पाय धुवायला उतरू देऊ नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात तिकडं.

गगनबावड्याचा वारा:
त्या दिवशी गुडघा कुरकुरलाच तर माउंट हॅरिएट करा. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर. पोर्ट ब्लेअरपलीकडं आहे आणि वरपर्यंत गाडी जाते. जुन्या लाल वीसच्या नोटेमागचं दीपगृह आणि माडांचं चित्र तिथूनच दिसतं. घरात एखादी नोट असेल तर आबांच्या खिशात ठेवा.

शिवाजीपेठकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वखारीतला, तुमचं उत्तर आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पडौकाच्या जागी त्यांनी परत वाचायला लावलं. ते एस. टी. त ड्रायव्हर होते, त्यामुळं कशापाशी थांबतील, खरंच सांगता येत नाही. रविवारी दोघं पन्हाळ्याहून मसाई पठारापर्यंत चालून बघणार आहोत. सँडल आज महाद्वार रोडवरून घेतले, नऊ नंबर. आबा घरात तेच घालून फिरायलेत.