सीवा-एआर: एकाच रुग्णाला संध्याकाळी १७ गुण, रात्री ७. गडबड कुठे होते?

रातपाळी
पुरुष मेडिसिन वॉर्ड. रुग्ण बहुतेक खेड्यापाड्यांतले, देशी पिणारे. दारू सुटल्यावर होणारा त्रास सीवा-एआर या मोजपट्टीवर मोजतो आणि लोराझेपाम (तो त्रास शमवणारं औषध) द्यायचं की नाही ते त्या आकड्यावर ठरतं (८ किंवा जास्त आले तर डोस). शेवटचं पिऊन ३० तास झालेल्या एका रुग्णाला संध्याकाळच्या पाळीत १७ गुण, दोन तासांनी रात्रपाळीत ७. मधे एकही डोस दिलेला नाही. दोघी सिस्टर अनुभवी आहेत.

विचारायचं ते असं. फरक नेमका कुठे पडतो? "मला काही होत नाही, घरी सोडा" एवढंच म्हणणाऱ्याला गुण कसे द्यायचे? आणि शाळेत न गेलेल्याला बेरजा विचाराव्यात का?

परिचर्या_शिक्षिका
दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि एकेक बाब ताडून बघा, नुसत्या बेरजेवरून काही कळत नाही. बाबी दहा आहेत. नऊंना ० ते ७, भानाला (तारीख, जागा, माणूस ओळखणं आणि साध्या बेरजा) ० ते ४, एकूण ६७.

सगळ्यात जास्त घोळ स्पर्शाच्या बाबीत होतो. मुंग्या, खाज, जळजळ, बधिरपणा कितीही असला तरी ३ च्या वर जायचं नाही. ४ पासून पुढे भास सुरू होतात, म्हणजे अंगावर किडे फिरताहेत असं वाटणं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचे तळपाय आधीपासूनच जळत असतात. तो "लई जळतंय" म्हणाला की ५ लिहिले जातात, ते चूक. "ही जळजळ दारू बंद केल्यावर सुरू झाली की आधीपासून आहे?" हे विचारा आणि उत्तर तक्त्याच्या कडेला लिहून ठेवा. आवाज आणि उजेड यांनाही हाच नियम: आवाज कर्कश वाटतो, उजेड डोळ्यांत टोचतो, इथवर ३, ४ पासून भास.

थरथर नुसती बघून लिहू नका. दोन्ही हात समोर ताठ, बोटं फाकलेली. थरथर दिसत नाही, पण बोटांच्या टोकांना आपली टोकं लावल्यावर जाणवते, तर १. हात ताणल्यावर मध्यम दिसते, तर ४. हात मांडीवर असतानाही जोरात चालू असेल, तर ७. रुग्ण चहाचा कप धरून बसलाय आणि आपण दारातून बघतोय, त्याला मोजणं म्हणत नाहीत.

घाम: तळवे जेमतेम ओलसर १, कपाळावर थेंब स्पष्ट दिसले की ४, अंग निथळत असेल तर ७. मे महिन्यात पंखा बंद असेल तर तसं लिहा, पण गुण मनाने कमी करू नका.

डोकेदुखीच्या बाबीत चक्कर धरायची नाही. ही चूकही नेहमीची आहे.

"काही होत नाही" म्हणणाऱ्याचं उत्तर चिंतेच्या बाबीत आहे. मध्यम चिंता, किंवा माणूस सावध, आखडून बोलतोय आणि त्यावरून चिंता ओळखू येते, तरी ४ च द्यायचे. तो कबूल करत नाही म्हणून ० लिहायचं नाही. नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवा, मग विचारा.

मनोविकार_निवासी
वर सगळं बरोबर आहे. त्याआधीचा मुद्दा असा की ही मोजपट्टी बोलू शकणाऱ्या रुग्णासाठीच आहे. दहापैकी बऱ्याच बाबी त्याच्या उत्तरांवर उभ्या आहेत. पूर्ण भ्रम झालेला, डोक्याला मार लागलेला, गुंगीतला रुग्ण असेल तर सीवाचा आकडा धरून डोस देऊ नका. तिथे रास (गुंगी आणि अस्वस्थता नुसतं बघून मोजायची पट्टी) वापरा आणि डॉक्टरांना बोलवा. आधीपासून कानात आवाज येणारा मनोरुग्ण असेल तर आकडा फुगतो.

नाडी आणि रक्तदाब बेरजेत येत नाहीत, पण प्रत्येक वेळी लिहायलाच हवेत. प्रोप्रानोलॉल (नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर नाडी आणि थरथर दोन्ही दबतात आणि ५ गुण बघून आपण निश्चिंत होतो. आकडा अचानक वाढला तर आधी ग्लुकोमीटर लावा, ताप बघा. यकृत खराब असलेल्याचे ताणलेले हात पंखांसारखे खाली झटकत असतील तर ती दारू सुटल्याची थरथर नाही. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन (ब१ जीवनसत्त्व) आधी.

वेळेचं भान ठेवा. झटके (फिट) बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, डेलिरियम (भ्रम) ४८ ते ९६ तासांत. ३२ व्या तासाला आलेले ७ गुण म्हणजे सुटका नव्हे. डोस दिल्यावर तासाने पुन्हा मोजा.

बोलीभाषा
भानाच्या बाबीतल्या बेरजांबद्दल. बेरीज जमत नसेल किंवा तारखेबद्दल खात्री नसेल तर १. तारीख दोन दिवसांपर्यंत चुकली तर २, त्याहून जास्त चुकली तर ३, जागा किंवा माणूस ओळखता आला नाही तर ४. कधीच बेरीज न शिकलेल्याला हा १ कायम मिळत राहतो. तो मान्य करा, फक्त "मूळचाच" असं लिहा. पैशात विचारलं की पुष्कळांना जमतं: "पाच रुपये, त्यात पाच, आणखी पाच?" इंग्रजी तारीख न सांगणारा माणूस वार, बाजाराचा दिवस, एकादशी झाली की यायचीय हे अचूक सांगतो. वार बरोबर असेल तर त्याचं भान गेलं म्हणून ३ लिहू नका.

रातपाळी
तक्ते ताडले. थरथर दोन्हीकडे ४. स्पर्श ५ आणि १, चिंता ४ आणि ०, घाम ४ आणि २. बाकी सगळे ०. म्हणजे पूर्ण दहाचा फरक तीन बाबींत. तळपायाची जळजळ रात्रीही तेवढीच होती आणि रुग्ण आखडून बसलेला होता, म्हणजे वरच्या नियमाने संध्याकाळी १५ आणि रात्री १३ यायला हवे होते. रात्री ७ लिहिल्यामुळे डोस दिला गेला नाही, ही मोठी चूक. आजपासून पाळी बदलताना दोघी एकाच वेळी, एकमेकींना न दाखवता गुण भरतील आणि दोनपेक्षा जास्त फरक आला तर खाटेजवळच पुन्हा तपासतील.